कॅमेरा दारावर, रेकॉर्डिंग घरात

आपल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत कॅमेरे भराभर लागले. आधी दुकानाच्या शटरवर, मग जिन्यात, मशिदीकडे जाणाऱ्या बोळात आणि आता घराच्या दारावर. त्यामागची कारणं खरी आहेत. मोटारसायकली चोरीला जातात. मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला आणि गावी अम्मी-अब्बू एकटे, अशी घरं वाढली आहेत. आणखी एक कारण आहे, जे आपण चारचौघांत फारसं बोलत नाही. गावात काही घडलं आणि दोन दिवसांनी कुणी म्हणालं, ‘हा पोरगाही त्या गर्दीत होता’, तर तो त्या संध्याकाळी घरात होता हे दाखवायला हातात काहीतरी असावं. या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही.

पण कॅमेरा लावलेल्या ओळखीच्या लोकांना मी एक प्रश्न विचारतो : रेकॉर्डिंग साठतं कुठे? बहुतेक जण खिशातून मोबाइल काढून पुढे करतात. ‘हे काय, ॲपमध्ये दिसतं की.’

दिसतं, हे खरं. पण ते जिथून येऊन दिसतं ती जागा आपली नाही. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, वायफायचा पासवर्ड दिला, की आपल्या दाराचं, अनेकदा हॉलचंही, चित्र कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागतं. ते तिथे किती दिवस राहतं, कोण पाहतं, मागितलं तर मिळतं का, हे सगळं आपण न वाचता ‘मान्य आहे’ म्हटलेल्या अटींमध्ये असतं. माझं म्हणणं साधं आहे. कॅमेरा लावायचाच असेल तर रेकॉर्डिंग आपल्याच घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर ठेवा. त्याची किल्ली आपल्याकडे असावी आणि तो कॉम्प्युटर कसा निवडायचा हे वस्तीतल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला माहीत असावं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे निवडीचा भाग खाली जरा सविस्तर सांगतो. पण आधी, एवढा खटाटोप का, ते.

अमेरिकेत ॲमेझॉनच्या ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये आरोपपत्र ठेवलं. त्यात म्हटलं होतं की २०१७ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने किमान ८१ महिलांच्या कॅमेऱ्यांतली हजारो रेकॉर्डिंग्ज महिनोन्‌महिने पाहिली. त्यांतले कॅमेरे बेडरूम-बाथरूमसारख्या जागांवर होते. ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वाइझ’ कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना स्वतःच्या ॲपमध्ये दुसऱ्यांच्या घरांची चित्रं दिसली. हे लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांच्या तपासणीची कॅमेऱ्यातली दृश्यं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. त्या बायांनी काय केलं होतं? डॉक्टरकडे गेल्या होत्या, एवढंच.

आता आपल्या घरांकडे बघा. दारावर पाहुणा आला तर बायकांनी आत जावं, हा रिवाज अजून पुष्कळ घरांत पाळला जातो. त्या रिवाजाबद्दल माझी मतं वेगळी आहेत आणि ती याआधीही मांडून झाली आहेत. पण ज्या घरात तो कडकपणे पाळतात त्याच घरात टीव्हीच्या वर इंटरनेटला जोडलेला कॅमेरा लावलेला मी पाहिला आहे. पाहुण्यासमोर पडदा आणि हजारो मैलांवरच्या सर्व्हरसमोर उघडं घर! हा विरोधाभास कुणाला खटकत नाही, कारण तो कॅमेरा ‘मालकाने’ लावलेला असतो.

खटकत नसेल तर धर्माचा आधारही देतो, आपल्याकडे त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याचं खासगी शोधत फिरण्याला, मनाई आहे. सूरह नूरमध्ये परवानगीवाचून कुणाच्या घरात जाऊ नये असं सांगितलं आहे आणि दिवसातल्या तीन वेळा अशा सांगितल्या आहेत की तेव्हा घरातल्या लहान मुलांनीही विचारून आत यावं. धर्माचा आधार नको असेल त्यांच्यासाठी संविधान आहेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क सरकारविरुद्ध जितका महत्त्वाचा, तितकाच तो घरातल्या सुनेच्या आणि मुलीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे असं मी मानतो.

मग काय घ्यायचं? बाजारात तयार डीव्हीआर किंवा एनव्हीआर मिळतो, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. तो वाईट नाही. स्वस्त आहे, लावणारा कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. घरात कुणालाच कॉम्प्युटरशी खेळण्याची आवड नसेल तर तोच घ्या, मात्र त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि लावणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदला. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. त्यासाठी काही अचाट हुशारी लागली नव्हती, कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. डीव्हीआरची खरी अडचण दोन-तीन वर्षांनी येते. कंपनी त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी दुरुस्त करणं थांबवते आणि आपल्या हातात बंद डबा उरतो. त्यात आत काय चाललंय ते दिसत नाही आणि बदलताही येत नाही.

छोट्या कॉम्प्युटरवर, म्हणजे मिनी पीसीवर, आपण लिनक्स टाकतो आणि त्यावर ‘फ्रिगेट’सारखं मोफत, खुलं सॉफ्टवेअर चालवतो. अपडेट आपल्या हातात, खाती आपल्या हातात आणि एखादं रेकॉर्डिंग काढून पेनड्राइव्हवर द्यायचं तर कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

मिनी पीसी म्हटलं की पोरं पहिला प्रश्न विचारतात, ‘प्रोसेसर कुठला?’ गेमिंगची सवय. खरं तर नुसत्या रेकॉर्डिंगला ताकद जवळजवळ लागतच नाही. चित्र दाबून लहान करण्याचं काम कॅमेराच करतो, कॉम्प्युटर ते आलं तसं डिस्कवर लिहून टाकतो. जोर लागतो तो चित्र उलगडून त्यात माणूस आहे की मांजर हे ओळखायला. तेही पूर्ण मोठ्या चित्रावर करायचं नसतं. बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह देतात, एक मोठा आणि एक छोटा. मोठा साठवायचा, छोटा सेकंदाला पाच चित्रं या वेगाने तपासायचा. एवढ्याला इंटेलचा एन१०० हा ६ वॉटचा प्रोसेसर चार कॅमेऱ्यांसाठी आरामात पुरतो. त्याच्यातच ग्राफिक्सचा भाग आहे आणि ओपनव्हिनो वापरून माणूस ओळखण्याचं कामही तोच करतो. वेगळं काही जोडावं लागत नाही. रॅम ८ जीबी बस झाली.

रास्पबेरी पाय मला आवडतो, कॉलेजातल्या मुलांनी तो घ्यावाच, पण या कामाला नको. पाय ५ मध्ये एच.२६४ प्रकारचं चित्र उलगडणारा खास भागच ठेवलेला नाही आणि आपल्याकडचे पुष्कळ कॅमेरे अजून तेच पाठवतात. शिवाय मेमरी कार्डवर दिवसरात्र लिहिणं म्हणजे कार्डाचा जनाजा ठरलेला. केस, ॲडॉप्टर, डिस्कची जोडणी असं सगळं धरलं की किंमतही मिनी पीसीच्या जवळ जाते.

पैसे कमी असतील तर ऑफिसांतून निघालेले जुने छोटे कॉम्प्युटर बघा. लेनोव्होचे ‘टायनी’, डेलचे ‘मायक्रो’, एचपीचे ‘मिनी’. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास विचारा. सहाव्या-सातव्या पिढीचा आय५ असला तरी चालेल, वीज मात्र थोडी जास्त खाईल. घेताना दुकानातच सुरू करून बायोसमध्ये शिरा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.

बायोसमध्ये शिरल्यावर आणखी एक गोष्ट बघायची आणि माझ्या लेखी ती प्रोसेसरपेक्षा मोठी आहे. वीज जाऊन परत आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो का? काही स्वस्त मिनी पीसींमध्ये ही सोयच नसते. आपल्या गावांत वीज रात्री दोनला जाते आणि अडीचला येते. कॉम्प्युटर बटन दाबायची वाट बघत बसला तर पुढचे चार दिवस काहीच साठत नाही आणि ते कळतं नेमकं गरज पडेल त्या दिवशी. कॅमेरे नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणारे असतील, म्हणजे पीओई, तर त्यांचा स्विच आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर टाकता येतात. विजेच्या बिलाची भीती नको. असा कॉम्प्युटर १५ वॉट खातो असं धरलं तर महिन्याला ११ युनिट होतात. घरातला जुना डेस्कटॉप याच कामाला लावला आणि त्याने ६० वॉट खाल्ले तर ४३.

डिस्कचं गणित प्रत्येकाने कागदावर करावं. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये सेकंदाला २ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाचे सुमारे २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ आणि पंधरा दिवसांचे १.३ टीबी. म्हणजे २ टीबीत तीन आठवडे बसतात. एच.२६४ मध्ये दुप्पट जागा धरा. इथे मिनी पीसीचा एक खोडसाळपणा ध्यानात घ्या. कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या ज्या टिकाऊ डिस्क मिळतात, त्या साडेतीन इंची असतात आणि मिनी पीसीच्या पोटात त्या मावतच नाहीत. मग एक तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेल्या यूएसबी केसमध्ये ती बाहेर ठेवायची किंवा आत एसएसडी घालायची. एसएसडी ‘लिहून लिहून मरते’ ही भीती ऐकायला मिळते. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ८६ जीबी लिहिलं तर वर्षाचे ३१-३२ टीबी होतात. तुम्हीच भागाकार करा.

किती दिवस साठवायचं? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात पोलीस ठाण्यांतलं रेकॉर्डिंग १८ महिने, आणि तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष, ठेवायला सांगितलं. ते बरोबरच आहे, कारण तिथे कोठडीतल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. घराला तेवढं नको. शेजाऱ्याच्या येण्याजाण्याचा वर्षभराचा हिशेब आपल्याकडे कशाला असावा? पंधरा ते एकवीस दिवस पुरेत. काही घडलंच तर तेवढा तुकडा लगेच वेगळा काढून ठेवायचा, बाकीचं आपोआप पुसलं जाऊ द्यायचं.

मिनी पीसीला नेटवर्कची दोन तोंडं असतील तर उत्तम. एका तोंडाला कॅमेरे, दुसऱ्याला घरचा राउटर. कॅमेऱ्यांना इंटरनेट मिळतच नाही, मग ते कुठल्या देशात बनले याची फार चिंता उरत नाही. बाहेरगावाहून बघायचं असेल तर राउटरमध्ये भोकं पाडू नका, वायरगार्डची खासगी वाट करा. एका रविवारचं काम आहे.

आता कोर्टाचा भाग. या विषयावरचा देशातला सर्वांत महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आलेला आहे. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज तीन वाजताची मुदत उलटल्यावर दाखल झाला होता. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. त्या रेकॉर्डिंगसोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देत नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको. प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागणारच. या खटल्यात मागणाऱ्यांनी शक्य ते सगळं करून पाहिलं होतं, म्हणून त्यांना सवलत मिळाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत असतं : एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. लिनक्सवर तो काढायला एक ओळ पुरते. तुकडा वेगळा काढला की लगेच एसएचए-२५६ हॅश काढायचा आणि तारखेसह वहीत लिहायचा. रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर प्रमाणपत्रावर सही कोण करणार? कस्टमर केअरवाला?

घड्याळही याच कारणासाठी बरोबर हवं. कॅमेऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल, तर मुलगा घरात होता हे दाखवणारं रेकॉर्डिंगच समोरचा वकील त्याच्यावर उलटवेल. मिनी पीसीने इंटरनेटवरून वेळ घ्यावी आणि कॅमेऱ्यांनी मिनी पीसीकडून.

पोलीस रेकॉर्डिंग मागायला आले तर भांडू नका आणि घाबरूही नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली त्यांना लेखी आदेशाने ते मागता येतं. तो लेखी आदेश मागा, दिल्याची पोच घ्या, स्वतःची प्रत हॅशसकट जपून ठेवा. तुमच्या रेकॉर्डिंगने एखादा निर्दोष सुटू शकतो. तो मुसलमानच असेल असंही नाही.

आणि व्हॉट्सॲपवर टाकू नका. मोहल्ल्याच्या ग्रुपवर एखाद्या पोराच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून ‘यालाच ओळखता का’ म्हणून क्लिप फिरते. आपल्यातल्या किती निरपराध मुलांना अशाच गोलांनी छळलं आहे, आणि आपणही तेच करतो. रेकॉर्डिंग ही अमानत आहे, ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांची. फ्रिगेटमध्ये चेहरा ओळखण्याची सोय आहे, ती मी बंद ठेवायला सांगतो. आवाजाचं रेकॉर्डिंगही.

शेवटी सगळ्यात अवघड भाग, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. कॅमेऱ्याचं तोंड कुठे आणि पासवर्ड कुणाकडे? दार, जिना, गाडी लावण्याची जागा, बस. घरात एकही नको. हॉलमध्ये नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. समोरच्यांची खिडकी चित्रात येत असेल तर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करा. फ्रिगेटमधला ‘मोशन मास्क’ त्याला उपयोगी नाही, तो फक्त हालचाल टिपणं थांबवतो, चित्र साठतंच. मग समोरच्या काकांना, पाटील असोत की पठाण, बोलावून स्क्रीन दाखवा.

पासवर्ड मात्र बहुतेक घरांत थोरल्या मुलाकडे असतो. तो ऑफिसात बसून बहीण किती वाजता बाहेर पडली, कुणाच्या गाडीवरून उतरली हे बघतो आणि रात्री घरात चौकशी बसते. चोरांसाठी लावलेला कॅमेरा, पकडली जाते क्लासवरून उशिरा आलेली मुलगी. याला सुरक्षा म्हणत नाहीत. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं वेगळं खातं करा, अम्मीचं पहिलं. मागचं रेकॉर्डिंग उघडायचं तर दोघांना सांगून, कारण वहीत लिहून. आणि मिनी पीसी सांभाळण्याचं काम घरातल्या मुलीला शिकवा. लिनक्स, नेटवर्क, डिस्क हे सगळं त्यात आलं आणि उद्या नोकरीच्या मुलाखतीत तिला ते सांगताही येईल. ज्या दोन घरांत मी हे करून दिलं, तिथे ॲडमिनचं खातं बारावीतल्या मुलींकडे आहे. एकीने पहिल्याच आठवड्यात भावाच्या खात्यातला मागचं रेकॉर्डिंग बघण्याचा अधिकार काढून टाकला. तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता. मी त्याला वही दाखव म्हणालो.